अठरावा तुकडा

सौंसर,
सोमवार, दुपार

प्रिय दादा,

"ग्रॅज्युएट बाई, एक सांग मले. पुट्टीनं धातू पकडला का नुसती चिपकून बसली आहे, हे उखडल्याबिगर कसं समजते?" असं तू मला गॅरेजमध्ये विचारलं होतंस. तुझ्या हातात ग्राइंडर होता, चष्म्यावर ॲल्युमिनियमचा भुगा होता, आणि मला अडकवल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. मी म्हणाले होते, पुस्तकात पाहून सांगते. पुस्तकात पाहिलं, कॉलेजच्या सरांना विचारलं, दूर देशातल्या रेसिंगवाल्यांनी इंटरनेटवर काय काय लिहून ठेवलंय तेही वाचलं. कोणी सांगतं नखाने वाजवून आवाज ऐका, कोणी सांगतं भिंग लावून कड पाहा. सगळं करून झालं. दादा, मला उत्तर येत नाही. आठ महिने झाले, अजूनही येत नाही.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर इंजिनाचं नाव काढलं की तुझी ड्यूटी सुरू होते. "लाइन चालू झाली, ठेवतो," म्हणतोस. तेव्हा मागे कोणीतरी कॅरम खेळत असतं आणि सोंगटीचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. पिथमपूरच्या कारखान्यात खोके बांधताना कॅरम वाजत नाही, एवढं मला कळतं. पत्र तरी मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तू ठेवणार नाहीस. माझं अक्षर तुला आवडतं.

घरचं सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा तसाच आहे आणि रामाकोन्याच्या वावरात कापसाची पऱ्हाटी यंदा बरी आहे. पोळा झाला, पांढुर्ण्याची दगडांची गोटमार झाली, तू आला नाहीस. मायने तुझ्या वाटच्या पुरणपोळ्या शेजारी दिल्या आणि दिवसभर माझ्यावर चिडत राहिली, कारण ऐन पोळ्याच्या सकाळी मी तिच्या तव्यावर ॲल्युमिनियमचे तुकडे तापवत होते. "सणाच्या दिवशी तव्यावर सिलेंडर शिजवून राहिली का व तू?" म्हणाली. बाबा बाहेरून म्हणाले, "शिजवू दे. पुट्टी खिडकीच्या काचेले लावाची असते, हे या घरात मी सोडून कोणालेच मालूम नाही." तो सतरावा तुकडा होता आणि त्याच्यावरची पुट्टी जागची हलायला तयार नव्हती.

तुकड्यांचं तुला सांगितलं नव्हतं. तू फेब्रुवारीत गेलास, त्यानंतरच्या आठवड्यापासून मी हे करते आहे. जुन्या पिस्टनचे आणि फुटक्या सिलेंडरचे तुकडे कापून घेतले. प्रत्येकावर तू करायचास तशा ग्राइंडरने आडव्याउभ्या रेघा पाडल्या, ॲसिटोनने पुसलं, इपॉक्सी पुट्टीची काळी आणि पांढरी कांडी एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत मळली, बोट पाण्यात बुडवून पुट्टी दाबून बसवली आणि सुकू दिली. मग एकेकाचा छळ मांडला. एक तव्यावर तापवला, एक पेट्रोल आणि इंजिनाच्या निळ्या टू-टी ऑइलच्या मिश्रणात बरणीत पंधरा दिवस ठेवला, एकाचं दोन्ही केलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने पुट्टी मऊ पडली असेल असं कोणीतरी म्हणालं, म्हणून नुसतं इथेनॉल मिळवून त्यात बुडवला. रेघा कमी खोल पाडून पाहिल्या. चोवीस तासांऐवजी बारा तासच सुकू दिली. सतरा तुकडे, दादा. सतरांपैकी एकाचीही पुट्टी निघाली नाही. पेचकसाने उकरलं तर ॲल्युमिनियमला ओरखडा पडायचा, पण पुट्टी तिथेच.

तुला वाटेल, मग आनंदच आहे. अरे, कसला आनंद! मला ती निघालेली पाहायची होती. रेसमध्ये नितीनच्या गाडीत निघाली तशी. जी चूक पुन्हा करताच येत नाही, ती कुठे आहे हे कसं शोधायचं? शाळेतून आले की मी त्या बरण्यांसमोर बसायचे आणि रडायला यायचं. रडायचे नाही, पण वही फेकायचे. मग उठून उचलायचे, कारण त्यात तारखा होत्या. कधी वाटायचं, नितीनचे वडील यशवंतराव म्हणतात तेच खरं असेल. आपण गावातली माणसं, दोन कांड्या मळून रेसचं इंजिन करायला निघालो, हीच चूक. मग स्वतःचाच राग यायचा. जर पुट्टी सतरा वेळा धरते, तर अठराव्या वेळी ती फक्त आपण सौंसरचे आहोत म्हणून सुटत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी तुझ्या पोर्टचं लिहून ठेवलंय, कारण तू कधी लिहिलं नाहीस. चुकलं असेल तर सांग. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, सिलेंडरच्या भिंतीत भोकं असतात, तेच पोर्ट. एका पोर्टातून पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो, आणि दोन्ही दारं थोडा वेळ एकदमच उघडी राहतात. त्यामुळे आत आलेलं ताजं मिश्रण सरळ बाहेरच्या दाराकडे धावतं आणि न जळताच वाया जातं. बाकीचे मेकॅनिक भोक घासून मोठं करतात आणि खूश होतात. तू म्हणायचास, "मोठं करणं कोणालेबी येते. वळण देणं पाह्यजे." घासून धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून तू पोर्टाच्या आत, एका बाजूच्या भिंतीवर, पुट्टीचा उतार बांधलास, म्हणजे येणारं मिश्रण आधी मागच्या भिंतीकडे वळेल, वर चढेल आणि धुराला ढकलत बाहेर काढेल. तो उतार तू चमच्याच्या पाठीने गुळगुळीत केलास. मायचा एक चमचा त्यात गेला, ती अजून शोधते आहे.

आणि गाडी पळाली, हे कोणी का बोलत नाही? लोधीखेड्याच्या पलीकडच्या माळावर त्या दिवशी अकरा गाड्या होत्या. दोन लॅप नितीन सगळ्यांच्या पुढे होता. मी कुंपणाच्या बांबूला धरून उभी होते आणि तू घड्याळ बघतच नव्हतास, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होतास. तिसऱ्या लॅपला वळणावर तो आवाज एकदम तुटला. मागचं चाक जाम झालं आणि नितीन गाडीवरून फेकला गेला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. पुट्टीचा एक पापुद्रा सुटून पिस्टन आणि सिलेंडरच्या मध्ये गेला होता, हे दुसऱ्या दिवशी तू इंजिन खोलल्यावर कळलं. तू एकट्यानेच खोललंस. मी चहा घेऊन आले तेव्हा तू काहीतरी शर्टाच्या खिशात टाकलंस आणि म्हणालास, "ठेव तिथं, हात खराब आहेत." मी चहा ठेवला आणि गेले. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

मग पांढुर्ण्याला यशवंतरावांच्या अंगणात बैठक झाली. संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर सगळे बसले होते, नागपूरच्या रेसिंग क्लबचे दोघे होते, नितीन हात गळ्यात बांधून दारात उभा होता. मुलाचा जीव जाता जाता वाचला होता, त्यांनी चिडायलाच हवं होतं. ते म्हणाले, "माह्या पोराच्या जिवावर जुगाड करून राहिले तुम्ही?" क्लबवाल्याने विचारलं, नेमकं काय चुकलं. मी मागे बाबांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, तू उताराबद्दल सांगशील, आवाजाबद्दल, दोन लॅपबद्दल. तू खाली पाहून एवढंच म्हणालास, "माहा हात चुकला. दुसऱ्या कोणाचं काही नाही." क्लबने दोन वर्षांसाठी तुझं नाव काढून टाकलं. तुझ्या हाताची गाडी आता ट्रॅकवर चढत नाही.

त्यानंतर गावाने तुझं नाव 'पुट्टीवाला' ठेवलं. पंक्चरवालेसुद्धा विचारायचे, "पुट्टी लावून देतो का बे?" तू हसायचास. मला ते हसू सहन व्हायचं नाही. पंधरा दिवसांनी तू गॅरेजला कुलूप लावलंस, चावी मायच्या हातात दिलीस आणि पिथमपूरची बस धरलीस. आवाजावरून पिस्टनची रिंग घासली आहे हे सांगणारा माणूस दिवसभर चिकटपट्टी फाडतो आहे. मला हे पटलेलं नाही. तेव्हाही पटलं नव्हतं, आणि तेव्हा मला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं.

आता शाळेचं सांगते. जुलैपासून मी मोहगावच्या शाळेत अतिथी शिक्षक म्हणून विज्ञान शिकवते आहे, हे तुला माय रोज सांगत असेल. आठवीतल्या पोरी फार हुशार आहेत, पोरं बरी आहेत. ऑगस्टमध्ये मी त्यांना कापूस शिकवला. सगळ्यांच्या घरी पिकतो, म्हणून कोणाला त्यात काही नवीन वाटत नव्हतं. मी घरून मायच्या वातीच्या डब्यातला कापूस नेला आणि शाळेच्या पेटीतला दवाखान्याचा कापूस घेतला. दोन्ही पाण्यावर सोडले. दवाखान्याचा भिजून बुडाला, आपल्या वावराचा तरंगत राहिला. पोरी ओरडल्या, "मॅडम, आपला तं पोहते!" मी ऐटीत सांगितलं की वावरातल्या कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. दवाखान्याच्या कापसाचा तो थर धुऊन काढलेला असतो. मग मी आपला कापूस तेलाच्या थेंबाला टेकवला आणि त्याने तेल क्षणात ओढून घेतलं. पाणी नको, तेल हवं. म्हणून तर त्याची वात होते. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर आकृती काढली, घरी आले, आणि सोळाव्या तुकड्याची पुट्टी मळायला बसले. दादा, मी ते हाताने करून दाखवलं, तोंडाने सांगितलं, आणि माझ्याच डोक्यात शिरलं नाही!

गेल्या महिन्यात, गोटमारीनंतरच्या रविवारी, मला तुझी बारीक गोल कानस हवी होती. ती तुझ्या पत्र्याच्या डब्यात, खाली, प्लगच्या खोक्यांच्या मागे सापडली. तिच्याबरोबर एक टू-टी ऑइलची रिकामी थैली होती, घडी घालून रबर लावलेली. आत नखाएवढा राखाडी पापुद्रा होता. मला बघताक्षणीच कळलं की तो काय आहे. उताराची ती गुळगुळीत पाठ मी ओळखते. मी तो उलटा केला. पाठीमागे, जिथे पुट्टी धातूला भिडलेली असायला हवी होती, तिथे केस पडावेत तसे धागे दबलेले होते. पांढरे नव्हते, ऑइलने निळसर झाले होते. शाळेतून भिंग आणलं. धाग्या-धाग्याने ऑइल आत गेलं होतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं, आणि पुट्टी मागून सोडवत गेलं होतं. थैलीवर तू बॉलपेनने तारीख घातली होतीस. रेसच्या दुसऱ्या दिवशीची.

मग मला ती संध्याकाळ आठवली. जानेवारी, वेचणी संपत आलेली, पुढच्या खोलीत कापसाची गाठोडी छताला लागलेली. गॅरेजमधल्या स्वच्छ चिंध्या संपल्या होत्या. तू गाडीच्या खाली होतास, पाय तेवढे बाहेर. पोर्ट साफ करायचं काम तू मला दिलं होतंस. बाकी कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. म्हणायचास, ॲसिटोन म्हणजे केमिस्ट्री, अन् केमिस्ट्री म्हणजे आमची प्रणाली. मी चिंधी शोधली नाही. गाठोड्यातून मूठभर कापूस ओढला, सरकी बोटाने काढून टाकली, ॲसिटोनमध्ये भिजवला आणि पोर्ट आतून पुसून काढलं. रेघा नुकत्याच पाडलेल्या होत्या, खरखरीत, कापूस जरा अडकत होता. मी आणखी जोर लावला. स्वच्छ दिसत होतं. आपल्या घरात बोट कापलं तर कापूस, कान दुखला तर कापूस, तेल सांडलं तर कापूस. त्या दिवसांत तो डोळ्यांना दिसतच नाही. तू गाडीखालून विचारलंस, "साफ झालं का व?" मी म्हणाले, झालं. तू म्हणालास, "केमिस्ट्रीवालीनं सांगतलं म्हंजे झालं."

मेणाचा एखादा अंशही त्या ॲसिटोनमध्ये उतरून धातूवर पसरला असेल, ते मला सिद्ध करता येणार नाही. धाग्यांचं मात्र सिद्ध करता आलं. माझे सतराही तुकडे मी शाळेच्या पेटीतल्या कापसाने नाहीतर धुतलेल्या कापडाने पुसले होते. वावराचा कापूस तेव्हा घरात मायच्या वातीच्या डब्यापुरताच होता, एवढंच कारण. अठराव्यासाठी वावराचाच कापूस भरलेल्या मायच्या उशीची शिवण उसवली. तसाच भिजवला, तसाच जोर लावून पुसला, तशीच पुट्टी बसवली आणि बरणीत टाकला. नवव्या दिवशी मी तो बाहेर काढला आणि कडेला नख लावलं. पुट्टी वाटाण्याच्या सालीसारखी हातात आली. पाठीमागे निळे धागे. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते हातात होतं आणि मला ते खाली ठेवावंसं वाटेना, उचलूनही धरवेना. मग एकोणिसावा केला, विसावा केला. दोन्हींची पुट्टी निघाली. वहीत लिहिलं.

आता तुझ्यावरच्या रागाचं लिहिते, कारण हे पत्र चांगलं चांगलं लिहून संपवलं तर ते खोटं होईल. तुला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तू तो पापुद्रा पाहिलास, कापूस ओळखलास, गाडीखालून विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर तुला आठवलं असणार. ते सगळं खिशात टाकून तू अंगणात जाऊन 'माहा हात चुकला' म्हणालास. का म्हणालास तेही मला कळतं. माझा शाळेचा अर्ज भरायचा होता. यशवंतरावांची ओळख सगळीकडे आहे. मायला माझ्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांची काळजी होती. आणि तू माझी पदवी लॅमिनेट करून घरात नाही, गॅरेजमध्ये लावली होतीस, कामाच्या टेबलावरच्या व्हाइसच्या वर, बेल्टच्या जाहिरातीच्या शेजारी. गाडी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला तू ती दाखवायचास. घरातली पहिली. तिच्यावर ओरखडा नको होता तुला.

पण मला विचारलं असतंस तर? दादा, तू दहावीनंतर शाळा सोडलीस म्हणून मी कॉलेजात गेले. हे मी एक दिवसही विसरलेले नाही. ते कॉलेज मला कशासाठी होतं? भिंतीवर लावायला? मला तिथे एवढंच शिकवलं की प्रयोग चुकला तर कुठे चुकला ते लिहा आणि खाली स्वतःची सही करा. तू माझी ती सहीच काढून घेतलीस. मला वाचवलंस असं तुला वाटत असेल. तू मला लहान ठेवलंस. बाबा ठेवतात, माय ठेवते, पाहुणे बघायला येतात तेही ठेवतात, पण तू ठेवशील असं वाटलं नव्हतं. आणि आठ महिने मी इथे तुझी चूक शोधत होते! तुझी! प्रत्येक तुकडा करताना माझ्या मनात एकच, की भाऊ कुठे चुकला ते सापडलं तर त्याला सोडवता येईल. तू तिथे कॅरम ऐकत बसला होतास आणि तुला माहीत होतं की मी चुकीच्या माणसाच्या मागे आहे. याचा राग कसा येणार नाही?

चार दिवस मी शाळेतून आले की गॅरेजमध्ये जाऊन आतून कडी लावायचे. मायला वाटलं, शाळेत काही झालं. पाचव्या दिवशी तिला आणि बाबांना सांगितलं. माय म्हणाली, "झालं ते झालं व बाई, कायले उकरतं?" बाबा गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "पोट्टा खोटं बोलला त्या दिवशी, मले वाटलंच होतं. तो हाताची चूक कधी कबूल करत नाही." आणि हसले. मला तेव्हा रडू आलं.

काल रविवारी मी पांढुर्ण्याला गेले. पापुद्रा, अठरा-एकोणीस-वीस नंबरचे तुकडे, वही, आणि शाळेचं भिंग. यशवंतराव अंगणात होते. त्यांना वाटलं मी तुझ्यासाठी माफी मागायला आले. म्हणाले, "भावानं पाठवलं का?" मी म्हणाले, भावाला माहीतच नाही. मग बसून सगळं सांगितलं, कापसापर्यंत. नितीनने भिंग घेऊन पापुद्रा पाहिला, मग अठरावा तुकडा, मग पुन्हा पापुद्रा. त्याचा खांदा अजून पूर्ण वर जात नाही, भिंग त्याने डाव्या हाताने धरलं होतं. मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "म्हंजे शेप बरोबर होता?" मी म्हणाले, हो. "मले मालूम होतं," म्हणाला. "गाडी तशी कधी पळालीच नव्हती न." यशवंतराव मात्र उभे राहिले. "तुह्या भावानं माह्या अंगणात, माह्या तोंडावर खोटं सांगतलं. अन् तू पोरायले शिकवतं?" असं म्हणून आत गेले, परत आले नाहीत. चहा आला होता, तो तसाच राहिला. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. नितीनने माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, डाव्या हाताने, जरा वाकडी आली.

तो कोणता कागद, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आणि इतका वेळ टाळत आले. नागपूरच्या क्लबला मी निवेदन लिहिलं आहे. पोर्टची सफाई मी केली, कच्च्या कापसाने केली, पुट्टी त्यामुळे सुटली, पोर्टचा आकार आणि पुट्टीचं काम माझ्या भावाचं, भूपेंद्रचं होतं आणि त्यात दोष नव्हता, त्याचं नाव परत घ्यावं आणि जो नियम असेल तो मला लावावा. खाली माझं पूर्ण नाव, पदवी आणि सही आहे. त्याची एक प्रत आज सकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, वर विचारून सांगतो. तिथून पोस्टात आले. आज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी निवेदन, विसाव्या तुकड्यासह, स्पीड पोस्टाने गेलं. पापुद्राही त्यातच आहे, तुझ्या डब्यात शोधू नकोस. तू फोन करून मला थांबवशील हे माहीत आहे, म्हणून तुला आधी कळवलं नाही. पावती या पत्राला टाचली आहे, तिच्यावरची वेळ पाहा.

तुझीच,
प्रणाली